दुरून ओळखलेला दगड : सिन्नरच्या पाषाणापासून चंद्राच्या उच्चभूमीपर्यंत

१/
सिन्नरच्या गोंदेश्वर मंदिराचा काळा पाषाण आणि पौर्णिमेच्या चंद्रावर दिसणारा ससा यांचे कूळ एकच आहे. दोन्ही बेसाल्ट. सिन्नरचा दगड हातात घेऊन, फोडून, भिंगाखाली धरून ओळखता येतो. चंद्रावरचा दगड मात्र माणसाने हातात घेण्याच्या जवळजवळ दोन वर्षे आधीच ओळखला गेला होता. तो कोणी ओळखला, कसा ओळखला आणि दुरून केलेली ती ओळख कितपत खरी ठरली, याचा हा इतिहास. (धागा)

२/
आधी घरचा दगड पाहू. नाशिक–पुणे मार्गावरील सिन्नर ही आरंभीच्या यादवांची राजधानी. बाराव्या शतकाच्या अखेरीस पाचव्या भिल्लमाने देवगिरी गाठली आणि सत्तेचे केंद्र तिकडे सरकले. मागे राहिले ते गोंदेश्वराचे पंचायतन : मध्यभागी शिवालय आणि भोवती सूर्य, विष्णू, पार्वती व गणपती यांची चार लहान मंदिरे. सारे काम काळ्या पाषाणाचे. पांडवलेणी, अजिंठा, वेरूळ याच पाषाणात कोरलेली आहेत आणि सह्याद्रीतील बहुतेक गडांचे कातळकडेही याचेच. महाराष्ट्राचा इतिहास प्रामुख्याने एकाच जातीच्या दगडावर लिहिला गेला, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही.

३/
हा दगड सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर आला, पसरला, थिजला. त्यावर पुन्हा लाव्हा आला. थरांवर थर साचून डोंगरांना पायऱ्यांचा आकार आला. ‘दख्खन ट्रॅप’ या नावातील ‘ट्रॅप’ हा शब्द जिन्यासाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरूनच आला आहे. रासायनिकदृष्ट्या बेसाल्टची ओळख अशी : लोह आणि मॅग्नेशिअम भरपूर, सिलिका बेताची. ग्रॅनाइटमध्ये याच्या उलट सिलिका जास्त आणि लोह कमी. या कथेत तिसरा एक दगड येणार आहे, तो म्हणजे अनॉर्थोसाइट. तो जवळजवळ संपूर्णपणे प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या एकाच फिकट खनिजाचा बनलेला असतो. त्यात कॅल्शिअम आणि ॲल्युमिनिअम विपुल असतात, लोह मात्र नावापुरते.

४/
दगडाची ओळख तीन गोष्टींवरून पटते : त्यात कोणती मूलद्रव्ये आहेत, ती कोणत्या खनिजांत बांधली गेली आहेत आणि त्या खनिजांचे कण एकमेकांत कसे गुंफलेले आहेत. सिन्नरमध्ये तिन्ही तपासता येतात. ३,८४,००० किलोमीटरवरच्या चंद्राच्या बाबतीत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दुर्बिणीतून दिसणारा उजेड आणि सावल्या एवढेच हाती होते. गॅलिलिओने १६१० मध्ये चंद्रावरील डोंगर-दऱ्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे काळ्या डागांना ‘समुद्र’ म्हणण्याची रीत पडली आणि फिकट खडबडीत भागाला ‘उच्चभूमी’ हे नाव मिळाले. पण समुद्रात काय भरले आहे आणि उच्चभूमी कशाची बनली आहे, हे साडेतीनशे वर्षे कोणालाही ठामपणे सांगता आले नाही.

५/
हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नव्हता. रसायनशास्त्रातील नोबेल पारितोषिकाचे मानकरी हॅरॉल्ड युरी यांचे मत असे की, चंद्र जन्मापासून थंड आहे, तो कधी वितळलाच नाही. तसे असेल तर सूर्यमालेचे मूळ द्रव्य चंद्रावर जसेच्या तसे जपलेले असणार. जेरार्ड कायपर आदींना मात्र समुद्रांत थिजलेला लाव्हा दिसत होता. तसे असेल तर चंद्राच्या पोटात कधीतरी आग होती आणि त्याला स्वतःचा अंतर्गत इतिहास होता. दोन्ही बाजूंना नामवंत होते आणि छायाचित्रे दोन्ही बाजूंनी वाचता येत होती. निकाल लागण्यासाठी चंद्राच्या मातीत कोणते मूलद्रव्य किती आहे, हे मोजणे भाग होते.

६/
ते दुरून मोजण्याची विद्या मँचेस्टरमधील एका प्रयोगशाळेत आकाराला आली. तेथे अर्नेस्ट रदरफर्ड यांच्या गटाने अल्फा कण पातळ धातूवर सोडले आणि त्यांतील काही मागे उसळतात, असे पाहिले. समोरचा अणुगाभा जितका जड, तितकी उसळलेल्या कणाजवळ जास्त ऊर्जा शिल्लक राहते. त्याच प्रयोगशाळेत तरुण हेन्री मोझली याने १९१३ मध्ये दाखवले की, प्रत्येक मूलद्रव्य विशिष्ट ऊर्जेचेच क्ष-किरण सोडते आणि ती ऊर्जा अणुक्रमांकाबरोबर नियमाने वाढते. मोझली ऑगस्ट १९१५ मध्ये गॅलिपोलीच्या रणभूमीवर मारला गेला. तेव्हा तो अवघा २७ वर्षांचा होता. चंद्रावरील दगड ओळखण्याच्या दोन मुख्य वाटा या दोन शोधांतून निघतात.

७/
मोझलीची वाट थोडी उलगडून पाहू, कारण पुढे तिन्ही चांद्रयाने तिच्यावरूनच गेली. अणूच्या सर्वांत आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन बाहेरून आलेल्या क्ष-किरणाने उडाला की रिकामी जागा भरायला वरच्या कवचातील इलेक्ट्रॉन खाली उतरतो. उतरताना उरलेली ऊर्जा तो क्ष-किरणाच्या रूपाने सोडतो. मॅग्नेशिअमसाठी ही ऊर्जा १.२५ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ॲल्युमिनिअमसाठी १.४९, सिलिकॉनसाठी १.७४, कॅल्शिअमसाठी ३.६९, टायटॅनिअमसाठी ४.५१ आणि लोहासाठी ६.४०. चंद्राला वातावरण नाही. त्यामुळे सूर्याचे क्ष-किरण थेट त्याच्या मातीवर पडतात आणि दिवसाच्या बाजूची माती असे क्ष-किरण सतत सोडत राहते. पृथ्वीचे वातावरण ते शोषून घेते. म्हणून ते मोजायला चंद्राजवळ जावे लागते.

८/
पहिली चाहूल सोव्हिएत रशियाला लागली. एप्रिल १९६६ मध्ये लूना-१० हे यान चंद्राच्या कक्षेत शिरले. दुसऱ्या खगोलाभोवती फिरणारा हा पहिला कृत्रिम उपग्रह. त्यावर गॅमा किरण मोजणारे उपकरण होते. पोटॅशिअम, थोरिअम, युरेनिअम ही किरणोत्सारी मूलद्रव्ये आपणहून गॅमा किरण सोडतात आणि ग्रॅनाइटमध्ये त्यांचे प्रमाण बेसाल्टपेक्षा बरेच जास्त असते. लूना-१०च्या नोंदी ग्रॅनाइटशी जुळत नव्हत्या, बेसाल्टशी जुळत होत्या. मोजमाप ढोबळ होते, पण चंद्राचा पृष्ठभाग ग्रॅनाइटचा असल्याच्या कल्पनेला त्याने पहिला धक्का दिला.

९/
पुढचे पाऊल रदरफर्डच्या वाटेने पडले. ११ सप्टेंबर १९६७ रोजी अमेरिकेचे सर्व्हेयर-५ शांतिसागरात उतरले. त्याच्यासोबत शिकागो विद्यापीठाचे रसायनशास्त्रज्ञ अँथनी टर्केविच यांच्या गटाने घडवलेली एक लहानशी पेटी होती. ती दोरीने जमिनीवर सोडण्यात आली. पेटीत क्युरिअम-२४२ हे किरणोत्सारी द्रव्य होते. त्याचे अल्फा कण मातीवर आदळत, काही मागे उसळत आणि त्यांच्या ऊर्जेवरून खालच्या अणूंची गणती होई. दुसऱ्या खगोलाच्या जमिनीवर प्रत्यक्ष झालेले हे पहिले रासायनिक विश्लेषण.

१०/
निकाल असा आला : दर शंभर अणूंमध्ये सुमारे ५८ ऑक्सिजनचे, १८–१९ सिलिकॉनचे आणि ६–७ ॲल्युमिनिअमचे. आदिम अशनींमध्ये मॅग्नेशिअम पुष्कळ आणि ॲल्युमिनिअम अगदी थोडे असते. येथे तसे नव्हते. ग्रॅनाइटही हा नव्हे. सर्वांत जवळचे साम्य होते ते पृथ्वीवरील बेसाल्टशी. बेसाल्ट हा वितळून थिजल्याशिवाय तयार होत नाही. म्हणजे निदान या ठिकाणी तरी चंद्र वितळला होता. पुढे जुलै १९६९ मध्ये अपोलो-११ येथून सुमारे २५ किलोमीटरवर उतरले आणि त्याने आणलेल्या नमुन्यांतून बेसाल्टच निघाला. अपोलोच्या नमुन्यांनंतर युरी यांनीही आपली भूमिका बदलली.

११/
सर्व्हेयर-७ ने जानेवारी १९६८ मध्ये आणखी एक गोष्ट नोंदवली होती. ते टायको विवराजवळच्या उच्चभूमीत उतरले. तेथील मातीत लोह कमी आणि ॲल्युमिनिअम जास्त भरले. हा फरक कशाचा, हे तेव्हा स्पष्ट झाले नाही. आकडे हाती होते, पण त्यांना शोभेल असा दगड कोणी पाहिला नव्हता. दुरून केलेल्या मोजमापाची अडचण येथे प्रथमच नीट दिसते. मूलद्रव्यांची यादी मिळाली तरी ती कोणत्या दगडाची, हे सांगायला एक तरी दगड ओळखीचा असावा लागतो.

१२/
तो दगड अत्यंत अनपेक्षित जागी सापडला. अपोलो-११ ने आणलेल्या सुमारे २१.५ किलो द्रव्यातील काळ्या धुळीत थोडेसे पांढरे कण होते. स्मिथसोनियन संस्थेच्या खगोलभौतिकी वेधशाळेतील जॉन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते वेगळे काढून तपासले, तेव्हा ते अनॉर्थोसाइटचे निघाले. शांतिसागरात हे कण कसे आले? दूरच्या उच्चभूमीवर अशनी आदळून उडालेले ते तुकडे असावेत, असा तर्क वुड यांनी केला. त्याच्या पुष्टीसाठी त्यांनी सर्व्हेयर-७ चे आकडे पुढे ठेवले. उच्चभूमीत ॲल्युमिनिअम जास्त का, याचे उत्तर धुळीतल्या काही कणांनी दिले. यंत्राचा आकडा आणि हातातला कण यांनी एकमेकांना अर्थ दिला.

१३/
जानेवारी १९७० मध्ये ह्यूस्टनच्या परिषदेत वुड यांनी यातून एक धाडसी चित्र मांडले. इतका अनॉर्थोसाइट साचायचा, तर कधीकाळी चंद्राचा मोठा भाग वितळलेला असला पाहिजे. त्या शिलारसाच्या महासागरात लोह व मॅग्नेशिअम असलेली जड खनिजे खाली बसली. हलका फेल्डस्पार दुधावरच्या सायीसारखा वर तरंगला आणि त्याचे कवच बनले. तीच आजची उच्चभूमी. पुढे खालचा भाग पुन्हा अंशतः वितळला आणि त्यातील काळा लाव्हा प्रचंड आघातविवरांत भरला. तेच समुद्र. ही कल्पना आज चंद्रविज्ञानाचा पाया मानली जाते. पण १९७० मध्ये तिचा आधार होता चिमूटभर धूळ आणि एका ठिकाणचे मोजमाप. उच्चभूमी सर्वत्र अशीच आहे का, हे तपासणे बाकी होते.

१४/
याच वर्षांत चंद्राचे कण मुंबईतही आले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देवेंद्र लाल यांच्या गटाला अपोलोचे नमुने अभ्यासासाठी मिळाले. वैश्विक किरणांनी खनिजकणांत कोरलेल्या सूक्ष्म खुणा मोजून ही माती पृष्ठभागावर किती काळ उघडी पडली होती, याचा शोध हा गट घेत होता. १९७२ मध्ये लाल अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे संचालक झाले आणि ही परंपरा तिकडे रुजली. चांद्रयान-१ चे प्रमुख वैज्ञानिक जितेंद्रनाथ गोस्वामी याच परंपरेतले. पुढे चांद्रयान-३ चा बग्गीवरचा मूलद्रव्यमापकही याच प्रयोगशाळेत घडला. मुंबईतील त्या कणांपासून तेथवरचा धागा सलग आहे.

१५/
सगळीकडे माणूस उतरवणे अशक्य होते. म्हणून पुढचे मोजमाप कक्षेतून झाले. जुलै–ऑगस्ट १९७१ मध्ये अपोलो-१५ चे दोन अंतराळवीर खाली काम करत असताना आल्फ्रेड वॉर्डन एकटे कक्षेत फिरत होते. त्यांच्या यानावर इसिडोर ॲडलर यांच्या गटाचे क्ष-किरण उपकरण होते. त्या काळचे शोधक मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम आणि सिलिकॉन यांच्या जवळजवळच्या ऊर्जा वेगळ्या ओळखू शकत नसत. यावर काढलेली युक्ती साधी होती. तीन शोधक ठेवले. एक उघडा, एकावर मॅग्नेशिअमचा पातळ पत्रा, एकावर ॲल्युमिनिअमचा. पत्रे काही किरण अडवत, काही सोडत. तिन्ही नोंदींच्या फरकावरून प्रत्येक मूलद्रव्याचा वाटा काढता येई.

१६/
यान समुद्रावरून उच्चभूमीवर जाई तसे ॲल्युमिनिअमचे सिलिकॉनशी असलेले गुणोत्तर चढत जाई. उच्चभूमीवर ते समुद्राच्या साधारण दीड ते दोन पट भरले. खालून डेव्हिड स्कॉट आणि जेम्स अर्विन यांनी अनॉर्थोसाइटचा एक अखंड तुकडाही आणला. क्रमांक १५४१५, वजन २६९ ग्रॅम. वृत्तपत्रांनी त्याला ‘जेनेसिस रॉक’ म्हणजे उत्पत्तीचा दगड म्हटले. कक्षेतील क्ष-किरणांनी दाखवले की, वुड यांचे पांढरे कण कुठल्या एखाद्या टेकडीचे नव्हते. यानाच्या वाटेत आलेली उच्चभूमी सर्वत्र ॲल्युमिनिअमने समृद्ध होती.

१७/
अपोलो-१६ ची गोष्ट तर अधिक बोधप्रद आहे. एप्रिल १९७२ मध्ये हे यान देकार्त उच्चभूमीत उतरले. जागा निवडताना छायाचित्रांवरून अनेक भूशास्त्रज्ञांचे मत झाले होते की, येथील टेकड्या ज्वालामुखीच्या आहेत. टेकड्यांचे आकार, उतार, पसरण, सारे तसेच दिसत होते. जॉन यंग आणि चार्ल्स ड्यूक यांना तेथे ज्वालामुखीचे दगड मिळालेच नाहीत. मिळाले ते आघातांनी चुरडून पुन्हा घट्ट झालेले, ॲल्युमिनिअमने भरलेले ब्रेक्सिया दगड. आकारावरून बांधलेला अंदाज चुकला होता आणि रसायनाने दिलेली खूण बरोबर होती. चंद्राचा भूगोल वाचण्याची पद्धत येथून बदलली.

१८/
मग रसायन सर्वकाही सांगते का? येथे पुन्हा सिन्नरला यावे लागते. सिन्नरमध्येच ‘गारगोटी’ हे खनिज संग्रहालय आहे. दख्खनच्या बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेले झिओलाइटचे गुलाबी, पांढरे, हिरवट स्फटिक तेथे पाहायला मिळतात. लाव्हा थिजताना त्यातील वायू निसटतो आणि मागे बुडबुड्यांसारख्या पोकळ्या राहतात. पुढे त्यांत पाणी झिरपते आणि विरघळलेल्या द्रव्यांतून स्फटिक वाढतात. ‘झिओलाइट’ या नावाचा मूळ अर्थच ‘उकळणारा दगड’ असा आहे, कारण तापवल्यावर त्यातील पाणी फसफसून बाहेर पडते.

१९/
आता चंद्रावरचा बेसाल्ट पाहा. अपोलो-१५ च्या फेरीत स्कॉट यांना वाटेत एक सच्छिद्र दगड दिसला. थांबण्याची परवानगी मिळणार नाही, हे ओळखून त्यांनी गाडीचा पट्टा नीट करत असल्याचे ह्यूस्टनला सांगितले आणि दगड उचलला. तो पुढे ‘सीटबेल्ट बेसाल्ट’ या नावाने ओळखला गेला. त्यातही तशाच पोकळ्या आहेत, पण रिकाम्या. चंद्रावर पाणी झिरपले नाही, म्हणून झिओलाइट वाढले नाहीत. हा मूलभूत फरक कक्षेतील क्ष-किरण उपकरणाला दिसत नाही. हायड्रोजनचा क्ष-किरण त्याच्या आवाक्यात येत नाही. लोह आणि टायटॅनिअमचा फरक मात्र त्याला दिसतो. दख्खनच्या बेसाल्टमध्ये टायटॅनिअमचे ऑक्साइड सामान्यतः १ ते ३ टक्के असते, तर अपोलो-११ च्या बेसाल्टमध्ये १० टक्क्यांच्या आसपास.

२०/
दुसरी मर्यादा याहून सूक्ष्म. गॅब्रो नावाचा एक दगड आहे. त्याची मूलद्रव्ये बेसाल्टसारखीच. मात्र तो जमिनीखाली सावकाश थिजतो, म्हणून त्याचे स्फटिक मोठे असतात. मूलद्रव्यांच्या यादीवरून या दोहोंत फरक करता येत नाही. शिवाय क्ष-किरण केवळ वरच्या काही दशांश मिलिमीटरपेक्षाही पातळ थराची माहिती देतात; गॅमा किरण काही दशक सेंटिमीटर खालची. म्हणून चंद्रविज्ञानात साधने एकमेकांना जोडून वापरली जातात. गॅमा किरणांनी थोरिअमचा नकाशा दिला. १९९८–९९ मध्ये लूनर प्रॉस्पेक्टरने तो संपूर्ण चंद्राचा केला. परावर्तित प्रकाशाच्या वर्णपटाने खनिजे दाखवली. या सर्वांना अर्थ मात्र आणलेल्या नमुन्यांनी दिला.

२१/
भारत या इतिहासात २००८ मध्ये दाखल झाला. २२ ऑक्टोबरला चांद्रयान-१ निघाले. त्यावर इंग्लंडच्या रदरफर्ड ॲपलटन प्रयोगशाळेने इस्रोच्या सहकार्याने तयार केलेला क्ष-किरण वर्णपटमापक होता. अपोलोची पत्र्यांची युक्ती आता लागत नव्हती. हा मापक मॅग्नेशिअम, ॲल्युमिनिअम आणि सिलिकॉन सरळ वेगवेगळे ओळखत होता. पण सूर्यच शांत होता. सूर्यावर ज्वाला उसळल्या तरच चंद्राची माती पुरेशी उजळते आणि २००८–०९ हा सौरचक्रातील असाधारण थंडावा होता. ऑगस्ट २००९ मध्ये यानाशी संपर्क तुटला. दिवा मंद असताना चित्र काढावे, तशी त्या नोंदींची गत झाली. तरीही काही दुर्बळ ज्वालांच्या प्रकाशात दक्षिणेकडील उच्चभूमीचे स्वच्छ वर्णपट मिळाले.

२२/
चांद्रयान-२ च्या वाट्याला उलट नशीब आले. ७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे विक्रम लँडर कोसळला आणि देशभर मोहीम फसल्याची भावना पसरली. पण कक्षेतील यान सुस्थितीत होते. त्यावरील ‘क्लास’ हा क्ष-किरण मापक १०० किलोमीटर उंचीवरून सुमारे १२.५ किलोमीटरच्या तुकड्यांनी चंद्र वाचत राहिला. यथावकाश सूर्यही जागा झाला. २०२२ मध्ये ‘क्लास’च्या नोंदींवरून चंद्रावरील सोडिअमचा विस्तृत नकाशा प्रथमच तयार झाला. सोडिअम सहज उडून जाणारे मूलद्रव्य आहे. ते कुठे किती उरले, यावरून चंद्र किती तापला होता याचा अदमास बांधता येतो.

२३/
चंद्रावर उतरण्याचा सराव करायचा, तर चंद्रासारखी माती हवी. महाराष्ट्रात बेसाल्टला तोटा नाही, पण बेसाल्ट म्हणजे चंद्राचे समुद्र. विक्रमला उतरायचे होते दक्षिणेच्या उच्चभूमीत. तेथे हवा होता अनॉर्थोसाइट. तो तमिळनाडूत सेलमजवळच्या सित्तमपुंडी परिसरात मिळतो. इस्रोने तेथील दगड दळून कृत्रिम चंद्रमाती तयार केली आणि तिच्यावर बग्गीच्या चाकांच्या चाचण्या घेतल्या. कोणता दगड दळायचा, हे ठरवता आले, कारण उच्चभूमी कशाची आहे, हे सर्व्हेयर, अपोलो आणि त्यानंतरच्या यानांनी आधीच सांगून ठेवले होते.

२४/
२३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी चांद्रयान-३ सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर उतरले. प्रग्यान बग्गीवरील मापकात क्युरिअम-२४४ होते. त्याचे अल्फा कण आणि क्ष-किरण मातीवर पडत आणि मातीतून निघणारे क्ष-किरण मोजले जात. रदरफर्ड आणि मोझली यांच्या वाटा एका लहानशा उपकरणात एकत्र आल्या होत्या. सूर्याच्या मर्जीवर अवलंबून राहण्याचे कारणही उरले नव्हते. चंद्राच्या इतक्या उच्च अक्षांशावरील मातीचे प्रत्यक्ष जागेवर विश्लेषण याआधी कोणी केले नव्हते. २३ ठिकाणी मोजमाप झाले.

२५/
संतोष वडवळे आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध ऑगस्ट २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. मातीची घडण सर्व ठिकाणी जवळजवळ सारखी आणि मुख्यतः लोहयुक्त अनॉर्थोसाइटची निघाली. शिलारसाचा महासागर खरोखरच चंद्रव्यापी असेल, तर विषुववृत्तापासून दूर दक्षिणेतही असेच कवच असले पाहिजे, अशी अपेक्षा होती. ५४ वर्षांपूर्वीच्या चिमूटभर कणांवरून केलेला तर्क येथे आणखी एका परीक्षेत उतरला.

२६/
पण एक आकडा अपेक्षेहून वेगळा आला. मॅग्नेशिअम जास्त होते. संशोधकांचे म्हणणे असे की, हे द्रव्य चंद्राच्या खोल थरातील असावे. सुमारे २,५०० किलोमीटर रुंदीचे दक्षिण ध्रुव–एटकिन खोरे आघाताने खोदले गेले, तेव्हा ते उडून येथवर आले असावे. या खोऱ्याची कड उतरण्याच्या जागेपासून सुमारे ३५० किलोमीटरवर आहे. आघात खालचा दगड वर कसा फेकतो, हे समजण्यासाठी महाराष्ट्रातीलच एक जागा जगभरच्या अभ्यासकांना उपयोगी पडली आहे. लोणारचे विवर थेट बेसाल्टमध्ये घडलेले आहे. १९७३ मध्ये ते आघाताचेच असल्याचा पुरावा प्रसिद्ध झाल्यापासून चंद्रावरील विवरांशी त्याची तुलना होत आली आहे.

२७/
तरी मॅग्नेशिअमचा प्रश्न येथे संपत नाही. ते ऑलिव्हिनमध्ये आहे की पायरॉक्सीनमध्ये, कोणत्या दगडातून आले आणि तो दगड किती जुना, हे मूलद्रव्यांचा आकडा एकटा सांगू शकत नाही. १९६८ मध्ये सर्व्हेयर-७ च्या ॲल्युमिनिअमच्या आकड्याची हीच स्थिती होती. तेव्हा त्याला अर्थ दिला तो पृथ्वीवर आणलेल्या पांढऱ्या कणांनी. १८ सप्टेंबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने चंद्रावरून नमुने आणणाऱ्या चांद्रयान-४ मोहिमेला मंजुरी दिली. तिने आणलेली माती भारतीय प्रयोगशाळेत भिंगाखाली जाईल, तेव्हा दुरून घेतलेल्या आजवरच्या मोजमापांची पुन्हा एकदा परीक्षा होईल.